मंदावलेला संगणक : निदान आणि देखभाल

वैशाखातल्या एका दुपारी आमच्या शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. गेली अकरा वर्षे ते मोडी कागदपत्रांचे बाळबोधीत लिप्यंतर करीत आहेत आणि ते सारे काम त्यांच्या घरातील संगणकात साठविलेले आहे. ते म्हणाले, "अहो, हा संगणक आता टाकून द्यावा म्हणतो. सकाळी तो सुरू करून ठेवतो. माझी अंघोळ होते, पूजा होते, चहा होतो, तरी याची झोप काही उडत नाही. एका दुकानात दाखविला. ते म्हणाले, जुना झाला आहे, नवा घ्या."

"पण सर, बिघडले काय आहे, हे त्यांनी सांगितले का?"

"ते नाही सांगितले. जुना झाला, एवढेच." मग किंचित हसून ते म्हणाले, "वय तर माझेही झाले आहे. पण आमचे डॉक्टर नुसते 'वय झाले' म्हणून मला परत पाठवीत नाहीत. निदान नाडी तरी पाहतात."

सरांच्या या वाक्यात आजच्या विषयाचे सार आले आहे. संगणकाचा मंदपणा हे लक्षण होय, रोग नव्हे. ताप जसा दहा कारणांनी येतो, तसा संगणकही अनेक कारणांनी मंदावतो. आणि कारण न शोधता केलेला उपाय, मग तो फुकटातला असो वा पन्नास हजारांचा, बहुधा वाया जातो. हे कारण घरच्या घरी, हातात स्क्रू-ड्रायव्हर न घेता, बव्हंशी कसे ओळखता येते हे येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९८८ साली आपल्या पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली तिने 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. परदेशांनी महासंगणक देण्यास हात आखडता घेतला, तेव्हा आपल्याच शास्त्रज्ञांनी तीन वर्षांत हे काम तडीस नेले. सेकंदाला एक अब्ज गणिती क्रिया करणारे यंत्र उभारावयाचे, हे त्या मोहिमेचे उद्दिष्ट होते. आज आपल्या घरातल्या टेबलावर असलेला साधा संगणक, तो आठ-दहा वर्षांचा जुना असला तरी, याहून कितीतरी पटींनी अधिक वेगाने गणित करतो. एके काळी जे बळ राष्ट्राच्या अभिमानाचा विषय होते, त्याहून अधिक बळ हाताशी असताना एक पत्र उघडावयास पाच मिनिटे लागावीत, हे कोडेच नव्हे काय?

कोड्याचे उत्तर असे की, गणित करणारा भाग सहसा थकत नाही. त्यात झीज होणारे, वयपरत्वे हळू होणारे असे काही नसते. मंदपणा येतो तो अन्यत्र. तो कोठे येतो हे कळण्यासाठी एखाद्या वाचनालयातील अभ्यासिका डोळ्यांपुढे आणावी. वाचक टेबलाशी बसला आहे. हा संगणकाचा प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर. त्याच्यापुढचे टेबल म्हणजे रॅम, अर्थात तात्पुरती स्मृती. आणि आतल्या दालनातील कपाटे म्हणजे हार्ड डिस्क, जेथे सारे कायमचे साठविलेले असते. टेबलावरचे पुस्तक हात लांबवताच मिळते. कपाटातले हवे असल्यास चिठ्ठी द्यावी लागते आणि शिपाई ते आणून देईपर्यंत स्वस्थ बसावे लागते.

या दोहोंतील अंतर किती आहे, हे कळले म्हणजे निम्मे रहस्य उलगडते. रॅममधील मजकूर प्रोसेसरला सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागात मिळतो. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून तोच मिळण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. कारण तेथे एक तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असते आणि वाचणारी सुई योग्य ठिकाणी सरकून तो भाग आपल्याखाली येण्याची वाट पाहत असते. हे प्रमाण एकास एक लाख पडते. टेबलावरचे पुस्तक उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर कपाटातले येण्यास एक लाख सेकंद, म्हणजे एक दिवस आणि सुमारे पावणेचार तास लागतील! वाचक कितीही चपळ असला तरी शिपाई दिवसभराने येणार असेल, तर त्याची चपळाई काय कामाची?

आता समजा, टेबल लहान आहे आणि वाचकाने एकाच वेळी वीस पुस्तके मागविली आहेत. टेबलावर चारच मावतात. मग पाचवे आले की पहिले कपाटात परत पाठवावयाचे आणि पुन्हा पहिले हवे झाले की दुसरे परत पाठवावयाचे. शिपायाच्या येरझाऱ्या अखंड चालू, आणि वाचन शून्य! संगणकातील या अवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ सालीच केली आहे. स्मृती अपुरी पडली की यंत्राचा वेग हळूहळू न घटता एकाएकी कोसळतो, हे तिचे मर्म. "कालपर्यंत बरा चालत होता, आज अचानक काय झाले?" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

आणखी एका स्विस शास्त्रज्ञाचे नाव येथे घेतले पाहिजे. निक्लॉस वर्थ यांनी १९९५ साली असे दाखवून दिले की, यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात त्याहून अधिक झपाट्याने त्यांवर चालणारे प्रोग्राम अवजड होत जातात. म्हणजे आपला संगणक आहे तेथेच आहे; त्याच्या पाठीवरचे ओझे मात्र दरवर्षी वाढते आहे. दहा वर्षांपूर्वी वर्तमानपत्राचे एक पान संगणकावर उघडणे ही हलकी गोष्ट होती. आज त्याच पानाबरोबर चित्रे, चलच्चित्रे, जाहिराती असा सारा लवाजमा येतो. टेबल तेच, पुस्तके मात्र जाडजूड झाली आहेत.

इतकी पार्श्वभूमी झाल्यावर आता प्रत्यक्ष निदानाकडे वळू. परंतु त्याआधी एक पथ्य. मंद झालेल्या संगणकाला हात लावण्यापूर्वी, कोणताही उपाय करण्यापूर्वी, त्यातील महत्त्वाच्या गोष्टींची प्रत काढून घ्यावी. कारण मंदपणा हा काही वेळा मरणोन्मुख हार्ड डिस्कचा शेवटचा इशारा असतो, आणि त्या अवस्थेत साफसफाईचे प्रोग्राम चालविणे म्हणजे आजारी माणसाला पर्वती चढावयास लावणे होय. जाणकारांचा नियम असा : प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. घराबाहेर कशासाठी, हे पुणेकरांना तरी सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा एकाच घरात जपून ठेवलेले कागद त्या घराबरोबरच गेले. एक प्रत बाहेरच्या पोर्टेबल डिस्कवर आणि दुसरी मुलीच्या घरी किंवा इंटरनेटवरील साठ्यात, एवढे केले तरी पुरे.

प्रत काढून झाली की नाडी पाहावयाची. आपल्याकडील बहुसंख्य घरगुती संगणक विंडोज या प्रणालीवर चालतात. त्यांत कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' नावाचा तक्ता उघडतो. तो आखूड दिसल्यास 'मोअर डिटेल्स' म्हणून लिहिलेले असेल तेथे दाबावे. तक्त्यात चार रकाने दिसतात : सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. प्रत्येकाच्या डोक्यावर टक्केवारी असते. यंत्र मंद झालेले असतानाच हा तक्ता उघडावा आणि पाच मिनिटे शांतपणे नुसते पाहत बसावे. कोणता रकाना शंभराजवळ जाऊन चिकटला आहे? बाकीचे निवांत असताना एकच धापा टाकत असेल, तर रोगाची जागा सापडली. रकान्याच्या शीर्षकावर दाबले असता सर्वांत खादाड प्रोग्राम यादीत वर येतो. त्याचे नाव एका कागदावर टिपून ठेवावे.

डिस्कचा रकाना शंभरावर असून सीपीयू पाच-दहा टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर शिपाई थकला आहे असे समजावे. जुन्या संगणकांत हाच प्रकार फार आढळतो. विंडोजचे अद्ययावतीकरण किंवा विषाणूंची तपासणी चालू असेल, तर तासाभरात ते निवळते. घाई न करता थांबावे. नेहमीच तसे होत असेल आणि यंत्रात फिरत्या चकतीची डिस्क असेल, तर ती बदलून 'एसएसडी' बसवावी. एसएसडीत फिरणारा असा भागच नसतो. तिला मजकूर आणून देण्यास चकतीच्या शंभराव्या भागाइतका वेळ पुरतो. आमच्या दृष्टान्तात सांगावयाचे तर, दिवसाने येणारा शिपाई आता सतरा मिनिटांत येतो. जुन्या यंत्राला नवे आयुष्य देणारा इतका प्रभावी दुसरा उपाय नाही, आणि नव्या यंत्राच्या मानाने त्याला खर्चही थोडा येतो. मात्र डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येऊ लागला असेल, किंवा फाइल उघडताना संगणक मध्येच गोठत असेल, तर अन्य सर्व कामे थांबवून फक्त प्रत काढावी.

डिस्क तुडुंब भरलेली असली तरीही यंत्र अडखळते. एकंदर जागेपैकी पंधरा-वीस टक्के तरी मोकळी असावी. त्यासाठी 'डाउनलोड्स' हा कप्पा आणि रीसायकल बिन आधी पाहावेत. आपल्याकडील माळ्यावरच्या अडगळीसारखा बहुतेक पसारा तेथेच असतो. पूर्वी हार्ड डिस्कची 'डीफ्रॅग' नावाची आवराआवर करीत असत. फिरत्या चकतीला ती उपयोगी होती. एसएसडीला तिची गरज नाही, उलट वारंवार केल्यास तिची झीज वाढते. तिला लागणारी निगा विंडोज आपण होऊन राखते.

मेमरीचा रकाना सतत ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असेल, तर टेबल अपुरे पडत आहे. घरात ४ जीबी रॅमचे यंत्र असेल, तर आजच्या कामाला ते कमीच. ८ जीबी असल्यास सामान्य घरगुती काम सुखाने होते. रॅम पुष्कळ यंत्रांत वाढविता येते. मात्र काही सडपातळ लॅपटॉपमध्ये ती कायमची डकविलेली असते, तेव्हा आधी चौकशी करावी. तोवर फुकटचा उपाय हा की, ब्राउझरमध्ये एकाच वेळी तीस पाने उघडी ठेवू नयेत. "बंद केले तर पुन्हा सापडणार नाही" या भीतीने आपण ती उघडी ठेवतो; त्याऐवजी खूण करून ठेवावी आणि पान मिटावे.

सीपीयूचा रकाना शंभरावर असेल, तर कोणीतरी पडद्याआड राबते आहे. टिपून ठेवलेले नाव येथे कामास येते. पुष्कळदा तो एखादा साधा प्रोग्राम असतो, जो कधीकाळी बसविला आणि विसरला गेला. टास्क मॅनेजरमध्येच 'स्टार्टअप' नावाचा विभाग आहे. संगणक सुरू होताच जे जे प्रोग्राम आपण होऊन उठतात, त्यांची हजेरी तेथे मिळते. ज्यांचे काम रोज पडत नाही त्यांना 'डिसेबल' करावे. यामुळे प्रोग्राम नाहीसा होत नाही. बोलाविल्यावाचून यावयाचे नाही, एवढेच त्याला बजावले जाते. ज्याचे नाव ओळखता येत नाही त्याला मात्र विचारल्यावाचून हात लावू नये. दोन विषाणुरोधक प्रोग्राम एकाच यंत्रात असतील तर ते एकमेकांवरच पहारा करीत बसतात; त्यांतील एक काढावा.

चौथा रकाना नेटवर्कचा. येथे एक साधी परीक्षा आहे. इंटरनेट बंद करून एखादे पत्र लिहून पाहावे, साठवून ठेवलेले छायाचित्र उघडून पाहावे. ते चटकन उघडले, तर संगणक निरोगी आहे. मंद आहे ती वाहिनी. अशा वेळी यंत्रावर खर्च करणे म्हणजे नळाला पाणी येत नाही म्हणून बादली बदलणे होय.

चारही रकाने शांत आहेत, तरीही यंत्र रडतखडत चालते, आणि विशेषतः दुपारी, उन्हाळ्यात. मग उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर फार तापला की स्वतःला जपण्यासाठी तो आपला वेग आपणच कमी करतो. तो त्याचा दोष नव्हे, शहाणपण आहे. आपल्या पुण्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि गल्लोगल्ली चाललेल्या बांधकामांची धूळ बारमाही आहे. ही धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर गोधडीसारखी बसते. ती काढण्यासाठी संगणक पूर्ण बंद करावा, वायर काढावी, पंख्याचे पाते एखाद्या काडीने अडवून धरावे आणि मऊ ब्रशाने किंवा हवेच्या झोताने धूळ उडवावी. घरातील व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याच्या टोकाशी साठणारी स्थिरविद्युत नाजूक भागांना घातक ठरते. वीज पुरविणारी पेटी, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात, ती घरी कदापि उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात विद्युतभार राहतो. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरण्याची सवय असेल, तर ती आजच सोडावी. त्याची श्वास घेण्याची छिद्रे बहुधा खालीच असतात.

आता अशा दोन गोष्टी, ज्या जवळजवळ सर्वांच्या अनुभवाच्या आहेत. पहिली, 'रीफ्रेश'. माउसचे उजवे बटण दाबून रीफ्रेश म्हणावयाचे, आणि ते एकदा नव्हे तर पाच-सहा वेळा, हा आपल्या देशातला एक नित्यविधीच झाला आहे. त्याने पडद्यावरील चित्रे पुन्हा एकवार मांडली जातात. यापलीकडे काहीही होत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आमचे शेजारी सर रोज रात्री नेमाने संगणक बंद करीत असत. तरीही टास्क मॅनेजरमधील 'अप टाइम', म्हणजे अखंड चालू असल्याचा काळ, पाहिला तर तो निघाला छत्तीस दिवसांचा! सरांना आमचे म्हणणे पटेना. खुलासा असा की, विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'शट डाउन' म्हटले असता सकाळी लवकर उठता यावे म्हणून प्रणालीचा गाभा आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि सकाळी तीच उचलून घेतो. त्यामुळे आत साठत गेलेला गोंधळही जसाच्या तसा परत येतो. 'रीस्टार्ट' म्हटले असता मात्र सर्व पाटी कोरी होते. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करणे हा फुकटचा आणि पुष्कळ तक्रारींवरचा उतारा आहे.

विषाणूंविषयीही येथे थोडे सांगितले पाहिजे. संगणकी विषाणू आणि मंदपणा यांचा संबंध फार जुना आहे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा घरगुती संगणकांवर पसरलेल्या पहिल्या विषाणूंपैकी एक. त्याने फ्लॉपीचे काम मंद होई. विशेष हे की, त्या भावांनी विषाणूच्या पोटात आपली नावे आणि पत्ताही लिहून ठेवला होता! पुढे हे लोण आपल्याकडेही आले. पुण्यात कैलास काटकर हे दुरुस्तीचे दुकान चालवीत. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत विषाणूंचा उपद्रव वारंवार आढळू लागला, तेव्हा त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर उतारा म्हणून प्रोग्राम लिहिले, आणि त्यातूनच १९९५ साली स्थापन झालेली कंपनी पुढे 'क्विक हील' या नावाने प्रसिद्ध झाली. दुरुस्तीच्या टेबलावर एकच तक्रार पुनःपुन्हा येते, तेव्हा भाग बदलीत बसण्यापेक्षा तिचे मूळ शोधावे, हा या इतिहासाचा बोध होय.

आजचे विषाणू आपला पत्ता लिहून ठेवीत नाहीत. काही तर दुसऱ्याच्या संगणकाचे बळ चोरून आपल्यासाठी आभासी चलन कमावितात. मालकाला जाणवते ते इतकेच की, यंत्र काही न करता तापते आणि मंदावते. विंडोजबरोबर येणारा रक्षक प्रोग्राम चालू आणि अद्ययावत ठेवला व चोरीचे प्रोग्राम बसविण्याचा मोह टाळला, तर सामान्य घराला पुष्कळ संरक्षण मिळते. "तुमचा संगणक एका क्लिकसरशी दहापट वेगवान करू" म्हणणाऱ्या फुकट्या प्रोग्रामांपासून चार हात दूर राहावे. याहूनही मोठा धोका यंत्राबाहेरचा आहे. पडद्यावर एकाएकी तांबडी सूचना येते, "आपला संगणक बाधित झाला आहे, या क्रमांकावर फोन करा". किंवा कोणी स्वतःच फोन करून मोठ्या कंपनीचे नाव सांगतो आणि संगणकाचा ताबा मागतो. यंत्र खरोखरच मंद असले की माणूस यावर चटकन विश्वास ठेवतो, आणि बँकेतली शिल्लक गमावतो. कोणतीही प्रामाणिक कंपनी असा अनाहूत फोन करीत नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे; तेथे जितके लवकर कळवावे तितकी पैसे अडविले जाण्याची शक्यता अधिक असते.

निदान झाल्यावर उपाय करताना एक शिस्त पाळावी. एका वेळी एकच बदल करावा, दोन दिवस परिणाम पाहावा, आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावे. एका दुपारी दहा उपाय केले की कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही, आणि कोणत्या औषधाने अपाय झाला हेही कळत नाही. नित्याच्या देखभालीचे वेळापत्रकही सोपे ठेवावे. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट आणि कामाची प्रत. महिन्यातून एकदा डाउनलोड्सची आवराआवर आणि स्टार्टअपची हजेरी. वर्षातून दोनदा धूळसफाई. या धूळसफाईचे मुहूर्त आपल्याकडे तयारच आहेत. एक गुढीपाडव्याचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर; आणि दुसरा खंडेनवमीचा. त्या दिवशी आपण यंत्रांना हळदकुंकू वाहतो, झेंडूचे फूल ठेवतो. फूल ठेवण्यापूर्वी पंख्याची धूळ झाडली, तर ते पूजन यंत्रालाही पावेल.

अखेर प्रश्न उरतो तो निवृत्तीचा. यंत्र टाकावे केव्हा? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला; नावनोंदणी करणाऱ्यांना त्यानंतर काही काळाची सवलत तेवढी ठेवण्यात आली. विंडोज ११ मात्र साधारणपणे २०१७ सालापूर्वीच्या प्रोसेसरांना स्वीकारीत नाही. त्यामुळे चांगली चालती यंत्रे केवळ या कारणाने अडगळीत जाऊ लागली आहेत. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या न मिळणारे यंत्र इंटरनेटला, विशेषतः बँकेच्या कामाला, जोडून ठेवणे धोक्याचे आहे, हे खरे. पण म्हणून ते टाकलेच पाहिजे असे नाही. 'परम ८०००' ज्या १९९१ साली तयार झाला, त्याच साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 'लिनक्स' या मुक्त प्रणालीचा आरंभ केला. तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रावर सुखाने चालतात, त्यांत मराठी लिहिता येते, आणि त्या विनामूल्य मिळतात. काही न बदलता केवळ पेन ड्राइव्हवरून सुरू करून त्या आधी पाहताही येतात. ज्यांचे काम लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार यांपुरते आहे, त्यांनी हा मार्ग अवश्य अजमावावा. इतके करूनही दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर मात्र यंत्राला निरोप द्यावा. तोही डिस्क पुसून, आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर न घालता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे. त्यात शिसे असते, तसेच तांबे आणि थोडे सोनेही असते. पहिले मातीत जाऊ नये आणि उरलेली वाया जाऊ नयेत.

सरांच्या संगणकाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना शंभरावर गोठला होता आणि कान देऊन ऐकले तर आतून बारीक टक्‌टक् येत होती. "सर, प्रत कोठे आहे?" आम्ही विचारले. सर काही बोलले नाहीत. अकरा वर्षांच्या कामाची दुसरी प्रत कोठेही नव्हती. त्या रात्री आम्ही दोघे बाहेरची डिस्क जोडून बसलो. एकेक कप्पा उतरत होता. काही फाइली दोनदा, तीनदा मागाव्या लागल्या. पहाटे अडीचला शेवटचा कप्पा उतरला. पुढे तापकीर गल्लीतून एसएसडी आणली, बसविली, आणि सरांचा संगणक आता त्यांच्या चहाच्या आधी तयार असतो. काढून ठेवलेली जुनी डिस्क आम्ही तीन आठवड्यांनी सहज जोडून पाहिली. ती उघडली नाही.

दुकानदाराचा सल्ला ऐकून सरांनी तो संगणक तसाच कोपऱ्यात ठेवला असता आणि नवा आल्यावर सवडीने जुने कागद उतरवू म्हटले असते, तर काय उरले असते? यंत्र बोलत नाही. ते मंद होते, हीच त्याची बोलण्याची रीत आहे. ते काय सांगते आहे हे पाच मिनिटे बसून ऐकावे, आणि त्याहीआधी, आज घरी गेल्यावर, आपल्या कामाची एक प्रत काढून ठेवावी.